तोच पेग, तीच गोळी?

दारू सोडवायला मदत करणारी औषधं आहेत. चाचणीत पास झाल्यावरच ती केमिस्टच्या दुकानात येतात. पण ही परीक्षा घेतली कोणावर? बऱ्याचदा फक्त पुरुषांवर. मग तिचं काय?

शुक्रवारची संध्याकाळ. क्वार्टर संपलंय, टार्गेट गाठलंय, आणि बिल कंपनी भरणार म्हटल्यावर सगळी टीम खुशीत आहे. टेबलावर मसाला पापड, चीझ चेरी, चिकन टिक्का. कोपऱ्यातल्या खुर्च्यांवर दोघं बसलेत. एकाच वयाचे, एकाच ग्रेडचे, एकाच कॅबनं घरी जाणारे. एक तो, एक ती. दोघांचेही तीन-तीन लार्ज झालेत.

सोमवारी तो कॉफी मशिनपाशी सांगणार, 'परवा काय चढली होती यार!' सगळे हसणार. ती मात्र त्या विषयावर अवाक्षर काढणार नाही. बोलली तर लोक हसणार नाहीत, लक्षात ठेवतील, हे तिला पक्कं माहीत आहे.

आता जरा पुढचं चित्र बघू. समजा, तीन-चार वर्षांत दोघांचाही शुक्रवार वाढत वाढत रोजवर आला. घरी पोचल्यावर आधी बाटली, मग जेवण. सकाळी हाताला कंप. 'उद्यापासून बंद' हे वाक्य पाठ. शेवटी दोघंही डॉक्टरकडे गेले, आणि डॉक्टरांनी दोघांना एकच गोळी लिहून दिली.

ती गोळी दोघांवर सारखीच चालेल? उत्तर 'हो, अर्थातच' असं असायला हवं होतं. पण ते तितकं सोपं नाही.

तीन लार्जचं गणित

आधी पेगचं बघू. साठ मिलीच्या लार्ज व्हिस्कीत साधारण २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. तीन लार्ज म्हणजे ६० ग्रॅम. दोघांच्या ग्लासात अगदी सारखं.

पण शरीर सारखं नाही. अल्कोहोल शरीरातल्या पाण्यात मिसळतं, आणि बायकांच्या शरीरात पाण्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा कमी असतं. शिवाय जठरात अल्कोहोलचा थोडा भाग आधीच फोडून टाकणारं एक एन्झाइम असतं. ते बायकांमध्ये कमी काम करतं, हे १९९० साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या संशोधनानं दाखवलं. त्यामुळे तितक्याच पेगला तिच्या रक्तात अल्कोहोल जास्त चढतं. यकृताचं नुकसानही बायकांमध्ये कमी वर्षांत आणि कमी दारूत होतं. 'माझी कपॅसिटी त्याच्याएवढीच आहे' हे पार्टीत ठीक आहे, लिव्हर ते मानत नाही.

म्हणूनच औषधं तपासणारे अमेरिकन संशोधक 'हेवी ड्रिंकिंग'चा दिवस दोघांसाठी वेगळा मोजतात. त्यांचं एक ड्रिंक १४ ग्रॅमचं. पुरुषानं एका दिवसात अशी पाच घेतली की तो दिवस हेवी, बाईनं चार घेतली की हेवी. आपल्या भाषेत सांगायचं तर त्याला साडेतीन लार्ज, तिला पावणेतीन. म्हणजे आपल्या कोपऱ्यातल्या टेबलावर तिसरा लार्ज संपला तेव्हा तिचा दिवस हेवी झाला, त्याचा अजून नाही. (याचा अर्थ साडेतीनपर्यंत सगळं आलबेल असा नाही हं! ही फक्त मोजायची पट्टी आहे.)

पट्टी दोन, हे संशोधकांना मान्य आहे. मग गोळीची परीक्षा?

जंताच्या गोळीची गोष्ट

या औषधांचा किस्सा सुरू होतो तोसुद्धा पिण्यापासूनच. १९४० च्या दशकात कोपनहेगनमध्ये येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे दोघं जंतांवर औषध शोधत होते. डायसल्फिराम नावाचं रसायन त्यांनी आधी स्वतः घेऊन पाहिलं. काही त्रास नाही. पण नंतर दारूचा घोट घेतला की चेहरा लालबुंद, छातीत धडधड, मळमळ. दोन आणि दोन चार झाले. १९४८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये त्यांचं संशोधन छापून आलं, आणि जंताची गोळी दारूची गोळी झाली.

ही गोळी तलफ कमी करत नाही. ती धाक दाखवते. दारू शरीरात फुटताना अॅसिटाल्डिहाइड नावाचा विषारी पदार्थ तयार होतो. एरवी शरीर त्याची लगेच विल्हेवाट लावतं. डायसल्फिराम ते काम अडवतं, विष साचतं, आणि प्यायलेल्याला मरणाचं वाईट वाटतं.

नंतर आलेली नाल्ट्रेक्सोन वेगळ्या वाटेनं जाते. दारूनं मेंदूत जी मजेची लाट येते, ती जिथून उठते तीच जागा ही गोळी अडवते. प्यायलं तरी 'किक' बसत नाही, मग मन हळूहळू दारूचा नाद सोडायला लागतं. अमेरिकेत १९९४ साली तिला दारूच्या व्यसनासाठी मान्यता मिळाली. तिसरी अॅकाम्प्रोसेट. दारू सोडल्यानंतर मेंदूत जी बेचैनी उरते, ती शांत करायला. ही तिन्ही औषधं भारतातही डॉक्टर वापरतात.

परीक्षेला फक्त मुलगे

औषध खरंच चालतं की नाही, हे ठरवायची पद्धत साधी आणि कडक आहे. शंभर माणसं घ्यायची. चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. एका गटाला औषध, दुसऱ्याला तशीच दिसणारी खोटी गोळी, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळतंय हे पेशंटलाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. काही महिन्यांनी मोजायचं की कोण किती प्यायलं. खोट्या गोळीवरही बरेच जण सुधारतात, कारण दर आठवड्याला कोणीतरी आपुलकीनं 'कसं चाललंय?' विचारत असतं. खऱ्या औषधानं त्याहून जास्त करून दाखवायचं असतं.

आता या परीक्षांचे हॉलतिकीट कोणाला मिळाले ते बघा. डायसल्फिरामची एक मोठी चाचणी अमेरिकेत माजी सैनिकांच्या हॉस्पिटलांमध्ये झाली. १९८६ मध्ये तिचे निष्कर्ष छापून आले. त्यात ६०५ जण होते. सगळे पुरुष. नाल्ट्रेक्सोनचा पाया घालणाऱ्या दोन चाचण्या १९९२ साली प्रसिद्ध झाल्या. त्यातल्या फिलाडेल्फियाच्या चाचणीत ७० जण होते. तेही सगळे पुरुष.

आणि आपल्याकडे? मुंबईतल्या डिसूझा आडनावाच्या दोन डॉक्टरांनी डायसल्फिराम आणि नाल्ट्रेक्सोन यांची वर्षभर तुलना केली. २००४ साली ती प्रसिद्ध झाली, आणि अशा अभ्यासांमध्ये तिचा उल्लेख आजही होतो. १०० जण, सगळे पुरुष. एक अट अशी होती की घरातलं कोणीतरी सोबत यायला हवं, गोळी नीट घेतली जातेय याकडे लक्ष द्यायला हवं. निकाल चांगला लागला. वर्षअखेर डायसल्फिराम घेणाऱ्यांपैकी ८६ टक्के दारूपासून दूर होते, नाल्ट्रेक्सोन घेणाऱ्यांपैकी ४४ टक्के.

या निकालातलं अर्धं श्रेय कोणाचं, सांगा बरं? धाक दाखवणारी गोळी तेव्हाच चालते जेव्हा ती रोज पोटात जाते. आणि आपल्या घरांत रोज सकाळी चहाबरोबर गोळी हातावर ठेवणारं माणूस म्हणजे बहुतेक वेळा बायको, नाहीतर आई. आता नाणं उलटं करा. पिणारी तीच असेल तर? तिच्या हातावर गोळी कोण ठेवणार? नवरा दहा मिनिटं लवकर उठेल? सासूला सांगायचं कसं? हॉस्टेलवर किंवा पीजीत एकटी राहत असेल तर? शंभर पुरुषांवरची चाचणी याचं उत्तर देऊ शकत नाही. हा प्रश्न तिला विचारलेलाच नव्हता.

'बायका नकोत, भानगड नको'

हे काही दारूच्या औषधांपुरतं नाही. १९७७ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं, एफडीएनं, सूचना काढली की मूल होऊ शकेल अशा वयातल्या बायकांना औषधाच्या सुरुवातीच्या चाचण्यांमध्ये घेऊ नये. हेतू चांगला होता. थॅलिडोमाइड या औषधानं जन्मतः अपंग झालेली हजारो बाळं जगानं पाहिली होती. पण परिणाम असा झाला की औषधं पुरुषांवर तपासली गेली आणि दोघांना विकली गेली. १९९३ मध्ये ही सूचना मागे घेतली गेली. त्याच वर्षी सरकारी पैशातून होणाऱ्या संशोधनात बायकांना घेणं अमेरिकेत कायद्यानं सक्तीचं झालं.

किंमत कोणी मोजली? झोपेची झोल्पिडेम ही गोळी बघा. अमेरिकेत तिला १९९२ मध्ये मान्यता मिळाली होती. २०१३ मध्ये एफडीएनं बायकांसाठी तिचा डोस १० मिलिग्रॅमवरून ५ वर आणायला सांगितला. बायकांच्या शरीरात ती सकाळपर्यंत रेंगाळत होती आणि त्या तशाच गाडी चालवत ऑफिस गाठत होत्या. वीस वर्षं!

आणि हा तर कळस. फ्लिबान्सेरिन नावाची, खास बायकांची कामेच्छा वाढवण्यासाठी काढलेली गोळी. ती घेऊन दारू प्यायल्यास काय होतं, हे तपासायला २५ जण घेतले. त्यात पुरुष किती? २३. बायका दोन. औषध कोणासाठी, तर फक्त बायकांसाठी! २०१५ मध्ये गोळीला मंजुरी मिळाली तेव्हा ही आकडेवारी जगभर चघळली गेली.

मुली परीक्षेला बसल्या तेव्हा

बायका चाचणीत आल्या तेव्हा काय दिसलं? कधी दिलासा, कधी धक्का.

दिलासा आधी. अमेरिकेत ११ ठिकाणी मिळून 'कम्बाइन' नावाची मोठी चाचणी झाली. २००६ मध्ये तिचे निष्कर्ष आले. १,३८३ जण होते आणि त्यात जवळपास एक तृतीयांश बायका. नाल्ट्रेक्सोनच्या गोळीचा उपयोग झाला, आणि नंतर आकडे वेगळे काढून पाहिले तेव्हा तो बायका आणि पुरुष दोघांनाही सारखाच झालेला दिसला.

पण त्याच नाल्ट्रेक्सोनचं महिन्याला एकदा घ्यायचं इंजेक्शन ६२४ जणांवर तपासलं, तेव्हा २००५ मध्ये छापून आलेला निकाल वेगळा होता. एकूण गटात हेवी ड्रिंकिंग कमी झालं. वेगळं मोजलं तर फायदा पुरुषांमध्ये ठळक होता, बायकांमध्ये तसा दिसला नाही. चाचणीत दोघंही नसते तर हा फरक कळलाच नसता.

सगळ्यात बोलका निकाल २०१८ चा. व्हॅरेनिक्लिन हे सिगरेट सोडवणारं औषध. सिगरेट आणि दारू दोन्हींत अडकलेल्या १३१ जणांवर ते दारूसाठीही तपासलं. एकत्र आकडा पाहिला तर हेवी ड्रिंकिंगच्या बाबतीत औषध आणि प्लासिबो यांत फरक नाही. म्हणजे नापास? थांबा. पुरुष आणि बायका वेगळे काढा. औषध घेणाऱ्या ४५ पुरुषांपैकी १३ जणांचा शेवटच्या टप्प्यात एकही हेवी दिवस नव्हता. प्लासिबोवरच्या ४७ मध्ये असे तिघंच. बायकांमध्ये चक्क उलटं. औषधावरच्या १९ जणींपैकी एक, प्लासिबोवरच्या २० जणींपैकी पाच.

एकत्र मोजलं की दोन्ही निकाल एकमेकांना खोडतात, आणि कागदावर 'काही फरक नाही' असं उमटतं. पुरुषांना उपयोगी पडू शकेल असं औषध त्यात हरवतं, आणि बायकांना ते चालत नसेल तर तेही झाकलं जातं. वेगळं मोजण्यात बायकांचाच नाही, दोघांचा फायदा आहे.

पण एक मेख आहे. त्या चाचणीत बायका होत्या फक्त ३९. एवढ्या कमी आकड्यावर कोणी ठामपणे 'बायकांनी हे घेऊ नये' म्हणू शकत नाही. दोन-तीन जणींचं इकडचं तिकडं झालं की चित्र बदलतं. चार नाणी उडवून छापा-काट्याचा निष्कर्ष काढण्यासारखंच ते.

त्या येत का नाहीत?

'बायका पीतच कमी, मग चाचणीत कमीच असणार,' असं कोणी म्हणेल. त्यात तथ्य आहे. २०१९ मध्ये आलेल्या देशव्यापी सरकारी पाहणीनुसार भारतात दारू पिणाऱ्या पुरुषांचं प्रमाण २७.३ टक्के, बायकांचं १.६ टक्के. पण एवढ्या मोठ्या देशात दीड टक्का म्हणजेही लाखो बायका. त्याच पाहणीत आणखी एक आकडा होता. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांमागे फक्त एकाला काही ना काही उपचार मिळतो.

त्या एकात ती असण्याची शक्यता किती? मुलं कोणाकडे ठेवायची, रजेच्या अर्जावर कारण काय लिहायचं, वेटिंग रूममध्ये कोणी ओळखीचं भेटलं तर? पुरुषाचं पिणं ही 'सवय' असते, बाईचं पिणं हे 'चारित्र्य' होतं. चाचणीत तर आणखी अटी. आधी प्रेग्नन्सी टेस्ट, मग चाचणी चालू असेपर्यंत गर्भ राहणार नाही याची काळजी. या अटी आवश्यकच आहेत, पण प्रत्येक अटीला काही जणी गळतात.

महाराष्ट्रात व्यसनमुक्तीचं काम जुनं आहे. पुण्याचं मुक्तांगण १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट यांनी सुरू केलं. तिथेही बायकांसाठी पुढे 'निशिगंध' हा स्वतंत्र विभाग काढावा लागला. वेगळी जागा असली तर बायका येतात, हा त्याचा सरळ अर्थ.

चाचण्यांमध्येही आता तसं दिसू लागलंय. २०२५ मध्ये एक छोटी अमेरिकन चाचणी प्रसिद्ध झाली. डायबेटिस आणि वजनासाठी दिलं जाणारं सेमाग्लुटाइड, त्याच आठवड्याला एक घ्यायच्या सुईनं दारू कमी होते का, हे त्यात पाहिलं. नऊ आठवडे, ४८ जण. आणि त्यात ३४ बायका! सुई घेणाऱ्यांची तलफ कमी झाली, पिण्याच्या दिवशी पेगही कमी झाले, मात्र पिण्याचे दिवस कमी झाले नाहीत. चाचणी लहान आहे. दारूसाठी या सुईला मान्यता नाही. तेव्हा वजनासाठी मैत्रिणीनं आणलेलं पेन 'ट्राय' करू नका. पण परीक्षेच्या हॉलमध्ये पहिल्या बाकावर ती बसलेली दिसली, हे काही थोडं नाही.

गोळीआधी हे वाचा

• रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम बंद करू नये. फिट येणं, भास होणं, जिवावर बेतणं असे प्रकार होऊ शकतात. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडा.

• 'नकळत दारू सोडवा' छाप जाहिरातींना भुलू नका. डायसल्फिराम कोणाच्या भाजीत, चहात गुपचूप घालणं धोक्याचं आहे. त्यावर माणूस प्यायला तर रक्तदाब कोसळू शकतो.

• नाल्ट्रेक्सोननं मळमळ होऊ शकते. त्रास झाला तर गोळी बंद करण्याआधी डॉक्टरांशी बोला, डोस किंवा औषध बदलता येतं. वेदनाशामक ओपिऑइड औषधं चालू असतील तर आधी सांगा.

• तिनं डॉक्टरांना हे न लाजता विचारावं: हे औषध बायकांवर तपासलंय का? माझ्या इतर गोळ्यांबरोबर चालेल का? बाळाचा विचार असेल तर काय करायचं?

• गोळी एकटी चमत्कार करत नाही. ११८ चाचण्या एकत्र करून २०२३ मध्ये काढलेला हिशेब असा: नाल्ट्रेक्सोनची रोजची गोळी ११ जणांना दिली, तर त्यातला एक जण केवळ त्या गोळीमुळे हेवी ड्रिंकिंगपासून वाचतो. औषधांच्या दुनियेत हा आकडा चांगला आहे. समुपदेशन आणि सोबतीला माणूस, हे मात्र लागतंच.

• कोणाशी बोलावं कळत नसेल तर सरकारची 'टेली मानस' हेल्पलाइन आहे: १४४१६. मराठीतही बोलता येतं, नाव सांगायची सक्ती नाही.

पुन्हा शुक्रवार

आपण त्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे परत जाऊ. तो आणि ती. तो डॉक्टरकडे गेला तर त्याच्या हातात पडणाऱ्या गोळीमागे शेकडो, हजारो पुरुषांचा अनुभव उभा आहे. तिच्यामागे त्याहून खूप कमी जणींचा. तरीही गोळ्या आहेत, उपयोग होतो, आणि वाट बघत बसण्यापेक्षा लवकर गेलेलं बरं, दोघांनीही. लिव्हर चाचण्यांचे निकाल येईपर्यंत थांबत नाही.

आणि आपण बाकीचे? आपण एवढं करू शकतो. सोमवारी कॉफी मशिनपाशी त्याच्या किश्श्यावर हसताना, तिच्या गप्प बसण्याकडेही जरा लक्ष देऊ. 'बरी आहेस ना?' एवढं विचारायला कुठल्याही मान्यतेची गरज नाही.